माशाची डोकी

मंडळी, आज मालाडच्या बाजारात एका कोळिणीने मला पार जमिनीवर आणलं.

मुलीने मांजराचं पिल्लू घरी आणलंय. त्याचं खाणं आणि शी-शूची वाळू निवडण्यात दुकानात तासभर गेला. एवढं करून पिल्लाने ते खाणं हुंगलंसुद्धा नाही. म्हणून मी, जन्माचा शाकाहारी, मासळीवालीकडे गेलो. "मावशी, टाकायची डोकी द्या ना, मांजराला."

"टाकतं कोण? त्याचंच तर कालवण करतात!"

मला एकदम आमची जुनी चाळ आठवली.

ऐंशीच्या दशकात, जोगेश्वरीच्या चाळीत मीही एक पिल्लू पाळलं होतं. शेजारच्या सावंतकाकू माशाची डोकी वाटीत घालून द्यायच्या. "घे रे, मांजराक घाल." पिल्लाच्या घमेल्यात पसरायला राखही त्यांच्याच शेगडीची. तेव्हा काकांची गिरणी बंद होती आणि घरात तीन पोरं. मी मात्र नाक दाबून ती वाटी उचलायचो.

इतकी वर्षं मी हसत सांगत आलो, काकू आमच्या मांजराला कचरा द्यायच्या म्हणून.

काकू कधीच गेल्या. पोरं कांदिवलीला असतात. कुठल्या तोंडाने जाऊ त्यांच्याकडे, सांगा ना?