नंबर शून्य कोण?

आधी चहाचा कप खाली ठेवा, ठसका लागेल. आता काय सांगू तुम्हाला, अशी माती मी आयुष्यात खाल्ली नव्हती!

मी घोडबंदर रोडला आयटीत नोकरीला. दिवाळीच्या सुट्टीत आंबिवलीच्या एका शाळेत नववीच्या मुलांना कोडिंग शिकवायला गेलेलो. मुख्याध्यापिका बाईंनी बजावलेलं, "शनिवारी पालक बघायला येतील. पटलं तर वर्ग चालू, नाहीतर तुमच्या वर्गाच्या खोलीत परत मोडकी बाकं." पोरं जीव तोडून शिकत होती हो!

शनिवारी मी माझ्या लॅपटॉपवर पालकांसाठी खास प्रोग्रॅम लिहिला, सुरू केला आणि नेमकी लाइट गेली. पोरं डबा खायला मैदानात पळाली. शिपाई भोईर मावशींनी खोलीला कुलूप घातलं.

मी व्हरांड्यात एकटाच डबा खात बसलेलो. सगळे वर्ग सुट्टीमुळे बंद. आभाळ भरून आलेलं. डोक्यावरचा पंखा हळूच फिरायला लागला, आणि बंद खोलीतून एका बाईचा आवाज आला.

"नंबर शून्य... हजर आहे का?"

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. शून्य नंबर कुठल्या वर्गात असतो सांगा बरं!

"मावशी, आत कोण आहे?"

"कोन नाय, सर. चावी माझेकरं हाय." मग त्यांनीही ऐकलं आणि माझा दंड धरला. "तीनदा हाक आल्याबिगर ओ देव नका! मी नारल आनतंय." आणि मला तिथेच सोडून त्या गेल्या.

दुसरी हाक. तिसरी. तोच थंड सूर, ना राग ना घाई.

"हजर!" मी ओरडलो.

शांतता. सुटलो म्हणतोय, तोच दाराच्या अगदी पलीकडून, "नंबर शून्य... हजर आहे का?"

मी दारासमोर हात जोडले. "हजर आहे बाई, हजर! पोरांचा वर्ग तेवढा राहू दे!"

मागे वळलो तर मुख्याध्यापिका बाई, सगळे पालक आणि सगळी पोरं उभी! मावशी नारळ घेऊन धावत आल्या.

ऋतुजा नावाच्या मुलीने मावशींकडून चावी घेतली, आत गेली, दोन बटणं दाबली. आवाज बंद.

"सर, तुमचाच हजेरीचा प्रोग्रॅम आहे. तुम्ही मोजणी एकऐवजी शून्यापासून सुरू केलीत. शून्य नंबरचं कोणीच नाही, मग 'हजर' टाइप कोण करणार? तो विचारतच बसला. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, लाइट आल्यावर स्पीकर सुरू झाला, इतकंच."

पालकांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "वर्ग चालू राहील. पोरगी शिकलीये."

मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. तेवढ्यात ऋतुजाचे बाबा जवळ आले. "सर, तुम्ही आयटीत नक्की काय करता?"

थाप सुचायलाही वेळ मिळाला नाही.

"दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो," मी म्हणालो.