मावशींचा राजेशाही जांभळा

रंगवाल्या मावशींना उतारवयात कुणीतरी भेटलंय, म्हणून त्यांचा जांभळा हल्ली असा भडक निघतोय, ही बातमी गल्लीत मीच सोडली होती. साफ खोटी. मावशींना कुणी भेटलं नव्हतं, मोतीबिंदू झाला होता.

मावशी आमच्या शेजारच्या. कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात तीस वर्षं छटा जुळवतात. त्यातही गडद जांभळा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. डबा ढवळता ढवळता गिऱ्हाइकाला ऐकवणार, की एकेकाळी समुद्रातल्या हजारो गोगलगायी मरत, तेव्हा कुठे राजाच्या झग्याची किनार या रंगात निघे. पुढे औषध शोधता शोधता एका विद्यार्थ्याला चुकून जांभळा गवसला आणि तो सगळ्यांच्या आवाक्यात आला. "राजाचा रंग तुझ्या न्हाणीघराला लागतोय, उपकार मान," असं मला सुनावून झालंय. वर सल्ला : एकाच भिंतीला द्यायचा, बाजूला सायीचा रंग ठेवायचा, आणि नमुना सुकल्यावर खिडकीशी बघायचा, कारण दिव्याखाली तो काळाच वाटतो.

गेल्या वर्षी मात्र गडद जांभळा सांगूनही माझं पुढचं दार गोळीच्या कागदासारखं झगमगीत निघालं. डोळ्यांवरच्या पिवळट पडद्यामुळे मावशींना जांभळा काळपट दिसे, म्हणून त्या काळा घालतच नव्हत्या. त्या इतक्या खुशीत होत्या, की मी "झकास" म्हणून मोकळा झालो. तशीच दारं निघालेल्या आणखी तीन घरांनीही तेच केलं.

शेवटी आमच्या हिने दुकानातलं जुनं नमुन्याचं कार्ड आणून दाराशी धरलं.

"सारखंच तर आहे," मावशी म्हणाल्या. मग हिचा चेहरा बघून आवाज खाली आला. "म्हणजे माझं काम संपलं का गं?"

ही हाताला धरून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली त्याच दिवशी मावशी दुकानात हजर. गडद जांभळा जुळवला, सुकवला, खिडकीशी नेऊन कार्डाला लावला. तंतोतंत. तिथेच त्यांनी सोबत आलेल्या हिला घट्ट मिठी मारली. मग चारही दारं बघत बघत माझ्या दाराशी आल्या आणि आधी पोट धरून हसल्या.

"एकानेही दुकानात तक्रार केली नाही रे," डोळे टिपत म्हणाल्या. "तुम्ही माझी लाज राखलीत. आणि तुझ्या बायकोने तर माझे हात मला परत दिले."

मी संधी साधली. "मग मावशी, माझं दार तेवढं नव्याने रंगवून द्या."

"मोतीबिंदू मला होता. झकास म्हणताना तुझे डोळे तर धड होते ना? राहू दे तसंच."