न सुकणारी फुलं

सेलूच्या बुद्धविहाराची किल्ली शकुबाईच्या पदराच्या गाठीला असे. दिवसभर जिनिंगमध्ये कापूस निवडायचा आणि संध्याकाळी विहार झाडून, मांडी घालून, येणारा-जाणारा श्वास पाहत बसायचं. साप चावून तिचा मुलगा रूपराव गेला, त्या वर्षी पावसाळ्यात मुक्कामाला आलेल्या भंतेजींनी तिला हे बसणं शिकवलं. मूर्तीपुढची सुकलेली फुलं ती कधी सुपात भरून फेकत नसे. एकेक उचलून बघे, मग अंगणातल्या कण्हेरीच्या बुडाशी ठेवी.

चौऱ्याऐंशीच्या वैशाख पौर्णिमेला वस्तीतल्या विमलाने नागपूरहून प्लास्टिकची कमळं आणून मूर्तीपुढे मांडली. सगळ्यांना आवडली. फूल वाहताना वंदनेत म्हणतात, हे फूल कोमेजतं तसंच हे शरीरही जाणार. त्या ओळीशी विमला गप्प झाली, हे एकट्या शकुबाईने टिपलं.

वंदनेला आलेल्या कवडूने शकुबाईला चिमटा काढला, "बाई, हे फुलं तुमच्याहून जास्त टिकतीन."

"टिकू दे. पण सुकाचं काम मंग माह्या एकटीवरच आलं," शकुबाई हसली.

लोक पांगल्यावर तिने विमलाला जवळ बसवलं. "काऊन आणले वो माय?"

विमलाला रडू फुटलं. तिच्या नलूच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. आता नागपुरात ऑपरेशन ठरलं होतं. ती ओळ आली की लेकीचा चेहरा समोर येई.

काही होणार नाही, असं सगळेच म्हणत. शकुबाई ते म्हणाली नाही.

"भेव वाटून राह्यलं ना, मंग त्याच्याकडंच पाह्य. रूपराव गेला तवा मले वाटे, हे दुख आता हलत नाई. तेबी हललं. भेवही सुकते."

दोघी बसल्या. भीती आली, छातीत दाटली, जराशी उतरली, पुन्हा आली. शकुबाई उठली नाही.

नागपूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी विमला नलूला घेऊन विहारात आली. कमळं शकुबाईने फेकली नव्हती, धुऊन खिडकीत ठेवली होती. नलूने स्वतः तोडलेली कण्हेर वाहिली. दिवसभर तापलेल्या विहारात फुलं वंदना संपायच्या आतच मान टाकू लागली. ती उचलायला विमलाचा हात झटकन पुढे झाला, आणि थांबला. मग तिने ती ओळ म्हटली. शेवटपर्यंत म्हटली, आणि नलूला कुशीत ओढून शकुबाईशेजारी डोळे मिटून बसली.