सुतकाच्या घरचं जेवण

बीडच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली आणि मी मनातल्या मनात म्हटलं, घ्या, झाली हौस. अख्ख्या संसारात मला खिडकी कधी मिळाली नव्हती. ती सुधाची, माझ्या बायकोची. ती चैत्रात गेली. आता खिडकी माझी, शेजारची जागाही माझी, आणि बोलायला समोरच्या सीटची पाठ.

सुधाचं लहानपण नेकनूरच्या पुढच्या एका खेड्यात गेलं. तिचे वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातली माणसं तिथेच राहतात. "एकदा आमच्या गावाला चला, डोंगरावरच्या खंडोबाला चला, सीताफळं खा," असं ती दर दिवाळीत म्हणायची. मी म्हणायचो, देव सोडून बाकी सगळं बघायला येतो. मग भांडण. आमचं एकच भांडण होतं, ते आयुष्यभर पुरलं. ती म्हणे, "अहो, मी देवाला भिऊन नीट वागते. तुम्ही कुणाला भिऊन नीट वागता?" मी म्हणे, "तुला." ती हसायची आणि पुन्हा मूळ मुद्द्यावर यायची: देव मानणारी माणसं जास्त सचोटीची असतात की नाही, ते सांगा. तो मुद्दा अर्धाच राहिला.

चिंचवडहून निघालो होतो. बीडला मुक्काम करून सकाळी नेकनूरची गाडी धरली. बैलबाजाराचा दिवस असावा. गाडीत निम्मी माणसं बैलांबद्दलच बोलत होती. नेकनूरला उतरून काळीपिवळी जीपमध्ये कोंबला गेलो आणि एका फाट्यावर उतरवला गेलो. पुढे चालत. बालाघाटचे डोंगर सुधा सांगायची तेवढे उंच नाहीत. पण उतारावर सगळीकडे सीताफळीची झुडपं होती. फळांचे डोळे उघडायला लागले होते. ती खोटं बोलली नव्हती.

गावाच्या तोंडाशीच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. नव्या चपला! शिव्या घालत, पाय ओढत चाललो तर एका पत्र्याच्या घराच्या ओसरीवर एक बाई भाकरी थापत बसलेली दिसली. तिशी-पस्तिशीची असेल. जवळ एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. डोळे पांढरे, दोन्ही गेलेले. मी तारेचा तुकडा मागितला. तिने तो लांबूनच जमिनीवर ठेवला.

"बसा मामा. पन पानी देत न्हाई. आमच्यात सुतक हाय. सासू गेली माजी."

"मला चालतं," मी म्हटलं. "मला सुतकबितक काही नाही."

ती बघतच राहिली. "आमच्या घरचं पानी पिता?"

"पाणी काय, जेवतोसुद्धा. भूक लागलीय."

तिने आधी म्हाताऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "वाढ की. चार दिस झाले, उंबऱ्याला मानूस न्हाई शिवलं."

अशा रीतीने मी जेवायला बसलो. ज्वारीची गरम भाकरी आणि तुरीचं वरण. वरणाला फोडणी नव्हती, त्यांच्यात सुतकात देत नाहीत. बाईचं नाव मंगल. नवरा सामान आणायला बीडला गेला होता. तेराव्यानंतर लगेच त्यांचा कोयता (ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी) टोळीबरोबर कारखान्यावर निघणार होता. म्हातारा, म्हणजे तिचा सासरा आबा, मागे राहणार. दरवर्षी त्याला सासू सांभाळायची. यंदा शेजारच्या तात्यांनी भाकरी द्यायचं कबूल केलं होतं. तात्या म्हणजे गावातले मोठे शेतकरी, सोसायटीच्या निवडणुकीत ज्यांचा शब्द चालतो असे.

"आन् त्यांच्यासंगच काल भांडून बसले," मंगल म्हणाली. "कडब्याची गंजी आमच्या भिंतीला लावली. साप निघतेत. कावून लावली म्हनलं तर ऐकंनात. मग माजं तोंड सुटलं."

आबाने माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे, तोंड केलं. "मंडळी न्हाई आनली?"

"गेली," मी म्हटलं. "चैत्रात."

"हां." त्याने काठी चाचपून जवळ ओढली. मग म्हणाला, "माजी लई भांडायची. आता घरात आवाज न्हाई."

एवढ्या महिन्यांत कितीतरी लोक भेटायला येऊन गेले, ती किती चांगली होती ते सांगून गेले. आवाज नाही, हे कुणी म्हटलं नव्हतं. मला तिथेच रडू येईल असं वाटलं, म्हणून मी आणखी एक भाकरी मागितली.

ती तव्यावर होती तेवढ्यात घरामागे आरडाओरडा झाला. गंजी पेटली होती.

सगळं गाव धावलं. मंगलही कळशी घेऊन धावली, मीही एका पायात चप्पल घालून धावलो. निम्मी गंजी वाचली. धूर बसला तशी माणसं मंगलकडे वळून बघायला लागली, आणि तात्या पुढे आले. साठीचा, धिप्पाड, कपाळाला भंडारा लावलेला माणूस.

"काल काय म्हनलीस गं? आग लागो तुज्या गंजीला. म्हनलीस का न्हाई?"

"म्हनले. पन लावली न्हाई."

"मग देवानं लावली? आमच्या दारातून आबाची भाकरी बंद. तू जा न्हाईतर ऱ्हा."

टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतलेले होते. न जाऊन चालणार नव्हतं, आणि आंधळ्या म्हाताऱ्याला टाकूनही जाता येणार नव्हतं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, भंडारा उचलू द्या. म्हणजे खंडोबापुढे बेल-भंडारा हातात घेऊन शपथ घ्यायची. खोटी घेतली तर वंश बुडतो, अशी तिथली पक्की समजूत. पण मंगलला सुतक. देवळाची पायरी चढता येत नव्हती, भंडाऱ्याला हात लावता येत नव्हता. आबाचंही तेच.

"मी सांगतो," मी म्हटलं. "आग लागली तेव्हा ही ओसरीवर होती. मी तिथेच बसलो होतो."

"पाव्हणं कोन?" तात्यांनी विचारलं. मी सुधाच्या वडिलांचं नाव सांगितलं. मास्तरांचा जावई म्हटल्यावर आवाज जरा खाली आला. "मग चला देवळात. तुमी उचला."

अशा तऱ्हेने सुधाच्या खंडोबाला मी पोचलो. टेकडीवरचं छोटं, काळ्या दगडाचं देऊळ, पायऱ्या हळदीने पिवळ्या झालेल्या. मंगल खालीच थांबली, उन्हात. गुरव ताट घेऊन आला. ताटात बेलाची पानं आणि हळद. मला काय, हळदच ती. उचलून मोकळं व्हायचं. पण माझं तोंडही मंगलसारखंच.

"एक सांगून ठेवतो," मी म्हटलं. "मी देव मानत नाही. उचलायला सांगाल तर उचलतो, पण माझा शब्द तसाही खराच आहे."

गुरवाने तात्यांकडे बघितलं. मग तात्या म्हणाले, "जो देवाला भीत न्हाई, त्यानं खोटं बोलायला भ्यावं कुनाला? तुमी कुनाला भिता, पाव्हणं?"

"बायकोला," मी म्हटलं. सवयीने निघून गेलं. दोघं-तिघं हसले.

"मग बोलवा त्यास्नी."

"ती नाही आता."

हसू थांबलं. गुरव मान हलवून म्हणाला, "मेलेल्या मानसाला भिता आन् देवाला न्हाई?" त्याने टोमणा मारला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. मग त्यानेच तोडगा काढला. "उचलू द्या त्यास्नी. ते मानत नसतील, खंडोबा तर त्यास्नी मानतोय."

त्याने ताट पुढे केलं. मी हात पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा. सुधा असती तर तिने शेजारणीला फोन करून सांगितलं असतं.

"ओसरीवर काय करत व्हता पन?" मागून कुणीतरी विचारलं.

"जेवत होतो."

गुरवाने झटक्यात ताट मागे ओढलं. थोडी हळद माझ्या शर्टावर सांडली. "जेवलात? सुतकाच्या घरी? हात लावू नका!"

"आता काय झालं?"

"काय झालं म्हनजे? सुतकाचं अन्न पोटात हाय तुमच्या! अंघोळ करून या आदी."

लोकांत कुजबुज सुरू झाली. माझं डोकं सणकलं होतं. अरे, मला सुतक नाही म्हणून तर मी त्या घरी गेलो, म्हणून तर तिला ओसरीवर बघितलं! गावातला एकही देवभक्त तिथे पाणी प्यायला गेला नव्हता. मी हे ओरडून सांगणार होतो, पण तात्यांनी हात वर केला.

"गुरवा, ताट कावून मागं घेतलंस?"

"सुतक हाय की त्यास्नी."

"कशावरून?"

"जेवलेत म्हन्तेत ना तिथं."

"तुला खरं वाटलं?"

गुरव गोंधळला. "असलं खोटं कोन बोलंल, तात्या?"

तात्या पायरीवर बसले. गंजी त्यांची होती, राग त्यांचा होता, आणि गुरवाने अंघोळीचं सांगून तो विषय लांबवलाही होता. गप्प राहिले असते तर कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. पण ते म्हणाले, "खोटं वाटलं असतं तर उचलू दिला असतास बे. तू ताट मागं घेतलंस, म्हंजी ह्यो मानूस तिथं जेवत व्हता. म्हंजी तिनं वाढलं. मग गंजीला काडी कोन लावनार? झालं. अंघोळीची गरज न्हाई."

ते तसेच खाली उतरले. मंगलसमोर उभे राहिले. माफीबिफी काही नाही. "आबाची भाकरी येत जाईल," म्हणाले. "आन् तू तोंड सांभाळ जरा."

"गंजी हलवा मग," मंगल म्हणाली आणि पदर तोंडावर घेऊन रडायला लागली.

गंजी कशाने पेटली ते कळलं नाही. वरून विजेच्या तारा गेल्या होत्या, कुणाची बिडी असेल.

मंगल फाट्यापर्यंत पोचवायला आली. वाटेत हळूच म्हणाली, "मामा, मी लावली न्हाई. पन माज्या तोंडानं तर लागली नसंल?"

"बोलण्याने आग लागत असती तर आमच्या शेजाऱ्याची मोटार कधीच राख झाली असती," मी म्हटलं. ती हसली, पण तिचं समाधान झालं नाही. झुडपातली चार सीताफळं तोडून तिने माझ्या पिशवीत टाकली. "घ्या. झाडाचं हाय, त्याला सुतक न्हाई."

बीडहून मिळाली ती परतीची गाडी धरली. पुन्हा खिडकी. सुधाला सांगायचं होतं की अगं, ऐक, तुझ्याच खंडोबाला मानणारा माणूस एका आंधळ्याची भाकरी बंद करायला निघाला होता. आणि तिने लगेच म्हटलं असतं, तोच माणूस स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या विरुद्ध बोलला ना? मग मी म्हटलं असतं, पण सुतकाच्या घरी जेवलं कोण? ती म्हणाली असती, भूक लागली म्हणून जेवलात, मोठे आले! हे नगरपर्यंत तरी पुरलं असतं. मी एकटाच दोन्ही बाजूंनी भांडून बघितलं. मजा येत नाही.

घरी पोचलो, कुलूप काढलं. कुणाच्या मयतीवरून आलो की सुधा दारातच अडवायची. "कशाला हात लावू नका. आधी अंघोळ." आणि मी दर वेळी उंबऱ्यात उभा राहून व्याख्यान द्यायचो. आज कुणी अडवलं नाही. खुशाल आत जावं, खुर्चीत बसावं, सीताफळ फोडावं. मी पिशवी बाहेरच ठेवली, कशाला हात न लावता सरळ मोरीत गेलो आणि डोक्यावरून पाणी घेतलं.

देव अजूनही मानत नाही. अंघोळ झाल्यावर लक्षात आलं, टॉवेल बाहेरच राहिला. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि तसाच निथळत उभा राहिलो.