सूर्यवंशी काकांचा सातबारा

नवा माणूस भेटला की सूर्यवंशी काका त्याचं गाव-आडनाव विचारत नसत. दोन्ही हात मागे बांधून त्याला वरपासून खालपर्यंत बघत आणि म्हणत, "भांडण सोडून काय काय येतं?" मला हा प्रश्न त्यांनी अहमदपूरच्या बसस्थानकावर विचारला, तेव्हा मी एका रिक्षावाल्याची कॉलर धरून उभा होतो. मी शाळेत खेळाचा शिक्षक, कबड्डीचा जुना गडी, आणि डोकं भडकायला मला फारसं निमित्त लागत नसे. "कबड्डी येते," मी म्हणालो. "ते भांडणातच आलं की रे मास्तर," काका म्हणाले. बोलता बोलता त्यांनी माझ्या मुठीतून ती कॉलर कधी सोडवली ते मला रिक्षा निघून गेल्यावरच कळलं.

गंगाधर सूर्यवंशी एसटीत कंडक्टर. मुखेड-अहमदपूर गाडीवर त्यांची बरीच नोकरी गेली. त्यांच्या मुलीने पुण्याहून एक खेळ आणला होता. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. नुसते फासे, त्यातला एक तर वीस बाजूंचा. प्रत्येकाने मनाने एक माणूस उभा करायचा, त्याला काय काय येतं ते कागदावर मांडायचं, आणि खेळ चालवणारा जे संकट सांगेल त्यातून त्याला जिवंत बाहेर काढायचं. जमलं की फसलं, ते फासा सांगतो. मुलगी नोकरीला बंगळूरला गेली आणि डबा घरीच राहिला. काकांनी डेपोत ड्युटी नसेल तेव्हा मांडीवर शब्दकोश घेऊन ते इंग्रजी नियमांचं पुस्तक वर्षभरात वाचून काढलं आणि एका लांब वहीत आपल्या मराठीत उतरवलं. दर रविवारी दुपारी त्यांच्या घरी आम्ही तिघं जमायचो, खेळ काका चालवायचे. मी, मोबाईल दुरुस्तीवाला इम्रान आणि गुरांच्या दवाखान्यात काम करणारी कल्पना.

त्या कागदाला काका सातबारा म्हणत. वरच्या भागात मारामारीचं सगळं: तलवार, भाला, कुस्ती. तो 'सात'. खालच्या भागात उरलेलं आयुष्य: बोलणं, ऐकणं, औषधपाणी, नाव चालवणं, रांधणं. तो 'बारा', कारण शेताच्या उताऱ्यात पीक बाराला लागतं. मिळून वीस गुण, ज्याने त्याने हवे तसे वाटायचे. माझ्या गड्याला, भैरवला, मी तलवारीत अठरा दिले, कुस्तीत दोन. काकांनी लाल पेन काढला आणि माझ्या मोकळ्या बारावर आडवं लिहिलं, 'पड'. न पेरलेल्या रानाला लिहितात तसं.

"एखादं तरी पेर की मास्तर."

"काका, भैरव लढणारा माणूस आहे."

"लढणाऱ्याला तहान लागत न्हाई काय? त्याचं घरचं कुणी आजारी पडत न्हाई? दिवसभर काय तलवारच फिरवून राहिला तो?" कल्पना तोंडाला ओढणी लावून हसली. मी काही गुण हलवले नाहीत.

इम्रानचा गडी होता हकीम. तीन वर्षं त्याने तो सांभाळला होता, आणि त्याच्या कागदावर बारा भरगच्च. एका रविवारी खेळात नदीकाठच्या गावाने हकीमाला धरलं. ह्याने विहिरीत विष टाकलं, असा लोकांचा संशय. दोरखंडाने हात बांधले होते. काका गावच्या म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणाले, "बोला, तुमचं काय म्हणणं हाय?" कल्पना काहीतरी सुचवत होती, इम्रान मला नको नको म्हणून खुणावत होता. मी म्हणालो, "मी तलवार काढतो." फासा त्या दिवशी माझाच होता. सात माणसं पडली. मी मांडीवर थाप मारली आणि हकीमाला उचलून तसाच नावेत टाकला.

"चला काका, पलीकडं."

"चला. नाव कोण चालवतं?"

"नावाडी."

काकांनी वहीवर बोट ठेवलं. "निळ्या पटक्याचा. तिसरा पडला तो."

नाव चालवणं कुणाच्याच कागदावर नव्हतं. मागून गाव धावून येत होतं. मीच फासा टाकला, विसातले चारच पडले, नाव मधोमध उलटली. भैरव पोहून निघाला. हकीमाचे हात बांधलेलेच होते. ते सोडायचं मला सुचलंच नव्हतं. इम्रानने आपला कागद घडी करून खिशात घातला. "तीन वर्षांचा गडी होता, मास्तर," एवढंच म्हणाला आणि चप्पल घालून गेला. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी काकांवर चिडलो. "तुम्हाला एक नावाडी उभा करता आला असता."

"केला होता की. तू मारलास."

दोनेक महिन्यांनी भर दुपारी मी मुखेडहून काकांच्याच गाडीने येत होतो. एका फाट्याजवळ खडीवरून घसरून मोटारसायकल गाडीपुढे आडवी झाली. ड्रायव्हर विनोद, नवा पोरसवदा गडी. त्याने जीव खाऊन ब्रेक दाबला आणि गाडी हातभर अंतरावर थांबली. पण शेतातून, चहाच्या टपरीवरून धावत आलेल्यांना दिसलं ते एवढंच की गाडीच्या तोंडाशी रक्ताने माखलेला माणूस पडलाय. बघता बघता चाळीसेक जण झाले. पहिला दगड काचेवर आला. "वढा रे ड्रायव्हरला खाली!" विनोदने सीटखालून टॉमी उपसली, चाकाचे नट खोलायची ती लोखंडी सळई. मीही बाह्या सारल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

काकांनी तिकिटाचं मशीन माझ्या दोन्ही हातांत कोंबलं. "धर हे. आन् विनोदच्या हातातली टॉमी खाली ठेवायला लाव. ओढून न्हाई. ती वर गेली की समदं संपलं." आणि दार उघडून ते त्या गर्दीत उतरले.

फुटक्या काचेतून मला त्यांचा आवाज येत होता, तिकीट विचारतानाचाच. "कुणाचा हाय हा? नाव सांगा कुणीतरी. ए लाल शर्ट, त्याचं डोकं धर, हलू देऊ नको. तू पाणी आण. तुम्ही दोघं लई वरडून राहिलात ना, तुम्हीच पाय धरा, ह्याच गाडीत घालून दवाखान्यात नेऊ." तेवढ्यात मागून एक दगड आला आणि त्यांच्या कानाच्या वर लागला. ते दाराला धरून क्षणभर वाकले. काका सरळ झाले आणि त्याच आवाजात म्हणाले, "पाणी आलं काय?"

इकडे विनोद टॉमी उचलून उतरायला निघाला होता. त्याचं मनगट पिरगळणं मला सोपं होतं, पण ते सगळ्या गर्दीला दिसलं असतं. बोलायला जावं तर जिभेवर काहीच नव्हतं. शेवटी जे होतं तेच बाहेर पडलं. "विनोद, मला भीती वाटून राहिली रे. लई." त्याने माझ्याकडे पाहिलं. "मला बी, सर." "मग बस ना माझ्यापाशी." तो बसला. टॉमी त्याने स्वतःच सीटखाली सारली.

जखमीला आत घेतलं. सगळ्यांत मोठ्याने ओरडणारे ते दोघे त्याचे पाय मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत बसले. तो माणूस वाचला. काका कानाला रुमाल दाबून माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "मशीन दे मास्तर. ह्या दोघांची तिकिटं राहिली."

चौथ्या दिवशी दाढी करता करता ते खाली कोसळले. डोक्यात आत रक्त साकळलं होतं. लातूरला नेलं, पण तिथून ते परत आले नाहीत. तो दगड कुणी मारला ते कधीच कळलं नाही. मी अजून मनातल्या मनात त्याला शोधत असतो.

काका गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला, दुपारी, त्यांच्या मुलीने ती लांब वही माझ्या हातात दिली. "शेवटचे दोन-तीन दिवस हीच घेऊन बसले होते म्हणे," ती म्हणाली. इम्रान आला होता, भिंतीला टेकून उभा. आत ठेवलेला माझा सातबारा मी उघडला. लाल 'पड' खोडलेली होती. तिच्याखाली काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'भीती वाटली तर सांगतो – १'. विनोदनेच त्यांना सांगितलं असणार. वर तलवारीसमोरचे अठरा खोडून सतरा केले होते. फुकट एक गुण त्यांनी कधी कुणाला दिला नाही. मला तिथेच, सगळ्यांसमोर, रडू आलं.

इम्रान मागून वाकून वाचत होता. मग त्याने खिशातून ती घडी काढली, उलगडली आणि कोऱ्या बाजूवर नव्या गड्याचं नाव लिहिलं.

"अजून एक कमी कर, मास्तर," तो म्हणाला. "नाव चालवायला शिक."

लाल पेन वहीतच होता. मी सतरा खोडले.