उजव्या गालावरची चामखीळ

स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. जळगावच्या आमच्या गल्लीतल्या नळाला पाणी मात्र अजून यायचं होतं. त्यामुळे आमच्या साप्ताहिकाला विषयांची टंचाई नव्हती. चित्रं छापायचे जस्ताचे ठसे मुंबईहून करून आणणं मालकांच्या जिवावर येई. म्हणून व्यंगचित्र मी काढायचं आणि लाकडात छापखान्यातल्या आबांनी कोरायचं. शाबासकी मला मिळे.

रीत अशी, की पातळ कागदावरचं चित्र मी ठोकळ्यावर पालथं चिकटवायचं, म्हणजे छपाईत ते सुलटं उमटे. आबा कागदासकट लाकूड कोरत. कोरून झालं की माझं मूळ चित्र भुशात.

त्या आठवड्यात मी नगराध्यक्षांना टपात डुंबत बसवलं. भोवती रिकामे हंडे. त्यांच्या डाव्या गालावर चामखीळ होती, ती मी प्रेमाने काढली.

पटाशी थांबवून आबांनी विचारलं, "भाऊ, कागद पालथा लावेल शे ना?"

"हो, आबा," मी वर न बघता म्हणालो.

प्रूफ आलं तेव्हा पोटाचा घेर बघूनच मी खूश झालो.

अंक निघाला आणि धान्याचे एक व्यापारी छापखान्यात आले. पोट तसंच, चामखीळ छापलेल्या चित्रातल्यासारखी उजव्या गालावर. "माझी विहीर बठ्ठ्या गल्लीला, सगळ्यांना उघडी शे," ते म्हणाले, "अन् टपात मलाच बसवलं?" नगराध्यक्षांनी पंचवीस अंक मागवले. हसून हसून त्यांना ठसका लागला म्हणे.

माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मालक ओरडले, "आबा, तुम्हाला आता दिसत नाही!" मी शाईचा डबा निरखत राहिलो. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पटाश्या फडक्यात बांधल्या आणि ते गेले. वीस वर्षांचं काम एका चामखिळीपायी सुटलं.

तीन वर्षांनी धीर करून धुळ्याला गेलो. आबा विडीच्या बंडलांवरच्या छापासाठी वाघ कोरत होते. वाघ डावीकडे बघो की उजवीकडे, तक्रार करायला तो येत नव्हता.

त्यांनी चहा मागवला. मग मान खाली घालूनच विचारलं, "भाऊ, आते तरी कागद पालथा लावतस ना?"

"हो, आबा."

आमच्याकडे तोवर जस्ताचे ठसे आले होते. कागद चिकटवायचं कामच उरलं नव्हतं. मी चहा प्यालो आणि दुपारच्या गाडीने परतलो.

सांगायला गेलो होतो, ते हे: आबांची चूक नव्हती. कागद मी सुलटा लावला होता.