ओर्लीनने पाहिलेलं घर

ओर्लीन प्रुइटने सत्तावीस वर्षांत अकरा बिऱ्हाडं हलवली. नवरा अमेरिकन फुटबॉलचा, हातात चेंडू घेऊन पळायच्या खेळाचा कोच, त्यामुळे संसार कायम खोक्यांत. भिंतीवर फोटो लावायचे ते मोजकेच, पडदे शिवायचे ते कुठल्याही खिडकीला चालतील असे, हे ती पहिल्या दोन वर्षांतच शिकली.

वेंडेल चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूंना शिकवायचा. काळ्या कोचच्या वाट्याला बहुतेक तेच काम येई. डाव आखायचे ते गोऱ्यांनी, आणि मुख्य कोच नेमायची वेळ आली की हेच लोक वेंडेलला विचारणार, "डाव आखायचा अनुभव आहे का?" पाण्यात उतरू द्यायचं नाही आणि पोहता येतं का म्हणून विचारायचं! ओर्लीनचा याने जळफळाट व्हायचा. वेंडेल मात्र रात्रंदिवस डाव काढत राहिला. रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या तीनशे पानांची त्याची फाइल झाली होती.

मुख्य कोचची जागा भरण्याआधी गोऱ्या नसलेल्यांच्याही मुलाखती घ्यायच्या, असा लीगचा नियम आहे. त्या नियमापायी वेंडेल सहा शहरांत जाऊन आला. दहाला मुलाखत, दीडचं परतीचं विमान. जाताना फाइलची प्रत त्यांच्याकडे ठेवायची, कारण ते म्हणत, "निवांत वाचतो." दोन वर्षांपूर्वी टीव्हीवर त्याला त्यांतलीच एक टीम त्याचाच डाव खेळताना दिसली. "नीट बसला नाही त्यांना," एवढंच तो म्हणाला आणि उठून अंगणात गेला.

कोचांच्या बायकांना एक खूण पक्की ठाऊक असते. माणूस खरंच घ्यायचा असेल, तर क्लब बायकोलाही बोलावतो आणि मुलाखत चालू असताना तिला गावातली घरं दाखवतो. ओर्लीनला सहाही वेळा कोणी बोलावलं नव्हतं.

सातव्या वेळी दोन तिकिटं आली.

"चुकून आलं असेल," ती म्हणाली.

"चुकून तुझ्या नावाचं तिकीट येतं होय? या खेपेला खरं आहे, ओर्लीन. ईस्टरचा हिरवा कोट काढ."

या खेपेला त्याने प्रतही काढली नाही. मूळ फाइलच घेतली. पेन्सिलीचे रंग प्रतीत उतरत नाहीत म्हणाला.

उत्तरेकडच्या त्या शहरात गुडघाभर बर्फ होता. वेंडेल क्लबच्या इमारतीत गेला आणि कॉनी नावाची घरं विकणारी बाई ओर्लीनला गाडीत घालून निघाली. दोन घरं झाली, ठीकठाक होती. तिसऱ्याचं दार उघडताना कॉनी म्हणाली, "हे गेलंय हं, पण स्वयंपाकघर बघाच तुम्ही."

ओर्लीन स्वयंपाकघराच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिन्ही बाजूंनी उजेड. इथे रविवारी चर्चहून आल्यावर अख्खी टीम जेवायला बसली असती.

"कोणी घेतलं?"

"नव्या मुख्य कोचच्या बायकोने, मेरेडिथने. मंगळवारीच पसंत केलं. तुमचे मिस्टर ट्रेव्हर लिंडक्विस्टच्याच हाताखाली येणार ना?"

त्या दिवशी गुरुवार होता. ट्रेव्हर गोरा, वेंडेलचाच जुना मदतनीस; खेळाडूंशी बोलायचं कसं, हे त्याला वेंडेलने शिकवलं होतं. ओर्लीनच्या हातची रताळ्याची गोड पाय-पेस्ट्री खाऊन तो पोरगा तिला मावशी म्हणायचा. मुलाखती नुसत्या दाखवायला घेतो म्हणून या क्लबने पेपरांची बोलणी खाल्ली होती, म्हणून या वर्षी नाटक बायकोसकट नीट बसवलं होतं.

"मला परत सोडा," ती म्हणाली.

वेंडेल खाली दाराशीच उभा होता. चेहरा लग्नातल्यासारखा फुललेला.

"चार तास, ओर्लीन! मालक स्वतः बसला होता. घर आवडलं का एखादं?"

विमानापर्यंत तरी याला हसू द्यावं, असं तिच्या मनात आलं. पण सत्तावीस वर्षांत ती त्याच्याशी खोटं बोलली नव्हती.

"आवडलं. पण ते मेरेडिथने मंगळवारी घेतलं."

"कोण मेरेडिथ?" मग त्याचं हसू हळूहळू गेलं. "आपल्या ट्रेव्हरची?"

"आपल्या ट्रेव्हरची. फाइल कुठाय?"

"वर. वाचतो म्हणाले. राहू दे गं, तमाशा नको."

ओर्लीन वर गेली. लांबलचक टेबलाभोवती चौघे सँडविच खात होते. फाइल मधोमध उघडी होती आणि एक जण वाकून फोनने पानांचे फोटो काढत होता.

"माझ्या नवऱ्याची आहे," ती म्हणाली आणि फाइल मिटली.

"मॅडम, आमचं वाचून व्हायचंय अजून."

"माणूस मंगळवारीच ठरलाय ना तुमचा? मग डावही त्याच्याकडूनच काढून घ्या."

एकाने आपलं सँडविच बाजूला सरकवलं.

टॅक्सीत वेंडेल फाइल मांडीवर घेऊन बसला. एका पानावर तेलाचं बोट उमटलं होतं, ते तो रुमालाने पुसत राहिला. मग म्हणाला, "स्वयंपाकघर कसं होतं?"

"उजेड खूप होता." आता मात्र तिला रडू आलं.

"पुढच्या वर्षी बोलावलं तर मी जाणार, ओर्लीन. नाही गेलो तर म्हणतील, बोलावलं होतं, तोच आला नाही."

तिने त्याच्या मांडीवरची फाइल उचलली आणि हिरव्या कोटाच्या आत धरली.

"जा तू," ती म्हणाली. "ही घरी राहील."